आतलं कोण बघतंय?

गाडी टेम्पोतून उतरवली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. टाकीला कुणीतरी चॉकलेटी रंग मारला होता, सीट नवी होती, हँडल उंच. पुढचं चाक पायरीला टेकलं आणि फोर्कच्या खालचा कान दिसला. त्यावर कानस मारलेली होती, एका बाजूला उतरती. माझा हात कानशीवर तिरका जातो. वस्तादांनी त्यापायी दोनदा बोटांवर पाना मारला होता, पण हात काही सरळ झाला नाही. म्हटलं, ही गुरुजींची बुलेट.

गुरुजी जाऊन सहा वर्षं झाली. गाडी घेऊन मुलगा आला होता, पुण्याला असतो. त्याने खिशातून टाइप केलेली यादी काढली. गाडी १९६९ ची. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम केलाय, की ५० वर्षं उलटलेली गाडी मूळ रूपात असेल, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार झालेले नसतील, तर तिची विंटेज म्हणून वेगळी नोंद होते. नंबरात व्हीए अक्षरं येतात. पहिल्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. नोंद झाली की रोजच्या कामाला गाडी रस्त्यावर काढायची नाही. म्हणजे ज्या गाडीवर गुरुजी तीस वर्षं शाळेला गेले, ती आता फक्त प्रदर्शनाला जाणार. मी तसं बोललोही. मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, तुम्हीच हिला मॉडिफाय केली होती ना? आता तुम्हीच परत मूळची करून द्या."

यादीत अकरा गोष्टी होत्या. त्यातल्या सात माझ्या. १९९२ मध्ये मीच काढलेल्या आणि मीच बसवलेल्या. तेव्हा नुकत्याच आलेल्या ५०० सीसीच्या बुलेटचा मोठा पुढचा ड्रम, त्यासाठी कानस मारलेला तो कान, जुना अमल कार्बोरेटर काढून लावलेला मिककार्ब, सहा व्होल्टचं बारा केलेलं वायरिंग, हेडलाइटच्या बाजूचे दोन टायगर लॅम्प काढून बुजवलेली भोकं. त्या काळी या सात कामांचे मी पैसे घेतले होते. आता तीच उलटी करण्याचे घेणार होतो. आमच्या धंद्यात ही एक चैनच आहे.

"आणि इंजिन?" मी विचारलं.

"चालू आहे की. ते राहू दे. आतलं कोण बघतंय?"

हे वाक्य त्याचं नव्हतं. चाळीस वर्षं मी ते गिऱ्हाइकांना ऐकवत आलोय. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याकडे परत आलं.

आत काय आहे ते मला एकट्याला माहीत होतं. आत रोलर होता.

बुलेटवाल्यांना हे सांगायची गरज नाही, पण ज्यांनी लोखंडी इंजिन कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जुन्या बुलेटच्या क्रँकवर कनेक्टिंग रॉड ज्या पिनीवर फिरतो तिथे बेअरिंग नसतं. एक कडं असतं. आतून-बाहेरून मऊ धातूचा मुलामा दिलेलं, भोकं पाडलेलं. ते पिनीलाही पक्कं नसतं आणि रॉडलाही नसतं, दोघांच्या मध्ये तेलावर मोकळं फिरतं. त्याला आम्ही फ्लोटिंग बुश म्हणतो. ७० मिलिमीटरचा बोअर आणि ९० मिलिमीटरचा लांब स्ट्रोक, त्या सगळ्या दणक्याला आधार या एका कड्याचा. ते काढून तिथे रोलर घालणं ही बुलेटवरची सगळ्यात खोल अदलाबदल. बाहेरून काही दिसत नाही. गाडी तीच, नंबर तोच, आवाजही अगदी बारीक कान असेल तरच वेगळा.

कोल्हापुरात मी रोलरवाला म्हणून ओळखला जायचो. सांगली-मिरजेपासून, निपाणीपासून गाड्या यायच्या. पिन उद्यमनगरात करून घ्यायचो, एका टर्नरकडेच, कारण त्याच्या आणि माझ्या मायक्रोमीटरचं एकमेकांशी पटायचं. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, बुश म्हणजे इंग्रजांची कंजुषी. तेल थोडं कमी पडलं, थोडं घाण झालं की बुश क्षमा करत नाही. रोलर थोडक्या तेलावर भागवून घेतो. जाताना बुश अचानक जातो, रोलर महिनाभर आधी कुरकुर करून सांगतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं होतं ते एवढंच, की मी रोलर या कारणांसाठी घालत नव्हतो. मला बुश बसवता येत नव्हता, म्हणून घालत होतो.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

वस्तादांना यायचं. त्यांच्याकडे मी १९७८ ला लागलो, तेव्हा सतरा वर्षांचा होतो. बुशची अडचण अशी, की तिथे एक फट नसते, दोन असतात. पिन आणि बुश यांच्यात एक, बुश आणि रॉड यांच्यात दुसरी. हातात रॉड धरून हलवला तर दोन्हींची बेरीज कळते. कुठली किती ते कळत नाही. बाहेरची घट्ट आणि आतली सैल झाली, तर बुश फिरायचा थांबतो, रॉडला चिकटून बसतो आणि सगळं घर्षण आतल्या एका पृष्ठभागावर येतं. उलटं झालं तरी तेच. बेरीज बरोबर आणि वाटणी चुकलेली, अशी स्थिती हाताला अगदी निर्दोष लागते. थंड इंजिनावर तर लागतेच लागते. आणि गरम झाल्यावर काय होईल ते थंडपणी ठरवायचं असतं.

वस्ताद निळा रंग लावून बुश आधी पिनीवर, मग रॉडमध्ये फिरवत. जिथे निळं जास्त घासलं तिथे हलका हात. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. शेवटी तेल लावून सगळं जुळवायचं, रॉड आडवा धरायचा आणि सोडायचा. म्हणायचे, "म्हाताऱ्या माणसानं खुर्चीत बसावं तसा खाली आला पाहिजे. पडायचा नाही, अडायचा नाही." ही परीक्षा मला तोंडपाठ होती. पण परीक्षेच्या आधीचा शेवटचा हात ते कसा मारायचे, ते मी कधी पाहिलं नाही. ती वेळ आली की म्हणायचे, "जा, चहा सांगून ये."

पुष्कळ वर्षं मी लोकांना सांगत आलो, की वस्तादांनी विद्या लपवली. जुनी माणसं अशीच, हातचं राखून शिकवणारी. सांगताना बरं वाटायचं. पण चहाचं दुकान कोपऱ्यावर होतं, जाऊन यायला तीन मिनिटं पुरायची. मी वीस मिनिटं लावायचो. तिथे इंजिनिअरिंगची पोरं जावा, येझदी लावून बसायची आणि मी मेकॅनिक म्हणून त्यांच्यात भाव खायचो. एकाची येझदी मी बोलता बोलता पॉइंट साफ करून चालू करून दिली होती, आणि ती गोष्ट पुढे दोन वर्षं पुरवली. वस्ताद माझी वाट पाहत नव्हते, एवढंच. काम तर उरकायचंच होतं.

१९९२ मध्ये गुरुजींनी ही गाडी आणली. तेव्हा माझं स्वतःचं दुकान होऊन चार वर्षं झाली होती. इंजिनात ठोका होता, बुश गेलेला. मी नवा बसवला. गाडी पंधरा दिवसांत परत आली. जाम झाली नव्हती, पण तेलात मऊ धातूची चमक होती, पिठात अभ्रक सांडावं तशी. दुसरा बसवला. या वेळी थोडा सैल ठेवला, भीतीने. गुरुजी देवगडहून येत होते. करूळ घाटात गगनबावड्याच्या अलीकडे इंजिन जागच्या जागी धरलं. मागचं चाक घसटत गेलं. गुरुजींनी क्लच दाबला म्हणून पडले नाहीत. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. टेम्पोतून गाडी पाठवून दिली आणि सोबत चिठ्ठी: घाई नाही.

त्या चिठ्ठीने माझी झोप उडाली. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिसऱ्यांदा बुश घालायची हिंमत झाली नाही. एका भंगारातल्या मोठ्या इंजिनाचा रॉड मिळाला, त्याचे रोलर आणि पिंजरा घेतला, उद्यमनगरात पिन करून घेतली. लेथच्या दोन सेंटरांमध्ये क्रँक धरून डायल गेज लावला आणि रात्री साडेअकरापर्यंत तांब्याच्या हातोड्याने दोन चाकं एका रेषेत आणत बसलो. एक ठोका इकडे, एक तिकडे. दोन थाऊच्या आत आला तेव्हा काटा थरथरून थांबल्यासारखा झाला. मी फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला पंचने तीन ठिपके मारले, जिथे इंजिन बांधल्यावर कुणालाही दिसणार नाहीत. आतलं कोण बघतंय? पण मला माहीत असणार होतं. गाडी चालली. तीस वर्षं चालली. आणि मी गावभर सांगत सुटलो, की गुरुजींच्या जिवाच्या काळजीने मी बुलेटच्या इंजिनातला दोष काढला.

पुढे अशा चाळीसेक क्रँक झाल्या असतील. सगळ्यांवर तीन ठिपके.

थोडं विषयांतर. बुलेट हे एक विचित्र यंत्र आहे. १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया निघाली, पुढे इंग्लंडमधला मूळ कारखाना बंद पडला, तरी इकडे तेच ओतीव लोखंडाचं इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं. त्यामुळे एका दशकाचा भाग दुसऱ्या दशकाच्या गाडीला बसतो, किंवा थोडी कानस मारली की बसतो. जिथे काहीच बसत नाही तिथे माणूस गप बसतो. जिथे सगळंच बसतं तिथे हात शिवशिवतात. आमच्या पिढीने केलेला निम्मा मॉडिफिकेशनचा धंदा म्हणजे ही हातांची खाज आहे. गरज त्यात थोडीच.

माझा म्हणून एक नियम होता. जे काढून मूळचं परत लावता येतं त्याला माफी. बारा व्होल्ट करा, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा, कार्बोरेटर बदला, माझी हरकत नाही. पण फ्रेमला ग्राइंडर लावायचा नाही. आता शहरात दोन-तीन नवी गॅरेजं निघाली आहेत, एसी लावलेली, पुढे काचेचं दार. तिथे पोरं मागची फ्रेम कापून सीट चपटी करतात, पुढचं चाक हातभर लांब नेतात आणि गाडीला इंग्रजी नाव देतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून झालं, की कंपनीने ठरवलेली नोंदीतली वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. तरी धंदा जोरात. सायलेन्सरचं तर बोलूच नका. फटाके फुटल्यासारखं फायरिंग पाहिजे म्हणून आतली जाळी काढतात. मग पोलीस ते सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर मांडतात आणि त्यावरून रोडरोलर फिरवतात. पेपरात तो फोटो आला की मला समाधान वाटतं. वाटू नये, पण वाटतं. दुसऱ्या टोकाला रिस्टोरेशनवाले. स्क्रू न् स्क्रू क्रोम करतात, कारखान्यातूनही कधी निघाली नसेल एवढी गाडी चकाकते, आणि आत तेल वर्षभर बदललेलं नसतं.

हे सगळं मी मोठ्या तावातावाने बोलतो. माझ्या दुकानात बसणाऱ्यांना ते पाठ झालंय. त्या फोर्कच्या कानावर कानस मीच मारली होती, हे मात्र त्या भाषणात कधी आलं नाही.

मागच्या वर्षी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, शिट्ट्या ऐकवल्या, आलेख काढला. रेघ सरळ जाता जाता ४,००० हर्ट्झच्या आसपास दरीत कोसळली होती. डॉक्टर म्हणाले, "आवाजात काम करणाऱ्यांचा आलेख असाच येतो." ग्राइंडर, छिन्नी, सायलेन्सर न लावता बेंचवर चालवलेली इंजिनं. मी विचारलं, मग जाड आवाज तर येतो ना? म्हणाले, येतो.

जाड आवाज येतो, हे खरं आहे. पण मेकॅनिकला जाड आवाजाचा उपयोग नाही. ठोका सगळ्यांनाच ऐकू येतो, गिऱ्हाइकालाही येतो, म्हणून तर तो आलेला असतो. ठोका पिस्टनचा, बुशचा, टॅपेटचा की टायमिंगच्या गिअरचा, हे त्या ठोक्याच्या धारेवरून कळतं. विळी लागली की खोबरं आणि कांदा यांचे आवाज जसे वेगळे येतात, तशी ती धार. मला आता विळी कळते, काय चिरतंय ते कळत नाही. मी जुना उपाय करून पाहिला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. मग, दुकानात कुणी नसताना, मूठ दातांत धरली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, बिघाड आतल्या कानाचा आहे, हाडातून आवाज नेला तरी पोचायचा तिथेच ना. दातांना मुंग्या तेवढ्या आल्या.

दुकानात एक पोरगा आहे, गडहिंग्लजकडचा, आयटीआय झालेला. मला मामा म्हणतो. दिवसभर कानात त्या पांढऱ्या गोळ्या घालून असतो. मी त्याला रोज बोलतो. पण एकदा रस्त्यावरून एक बुलेट गेली आणि त्याने मान वर न करता म्हटलं, "मामा, त्याचा एक्झॉस्टचा टॅपेट सैल हाय." कानातल्या गोळ्या न काढता. मला बुलेट गेली एवढंच कळलं होतं.

मूळची करायची तर आतूनही मूळची करायची, असं मी ठरवलं. गिऱ्हाइकाने सांगितलेलं नव्हतं, सरकारच्या कमिटीने इंजिन उघडून पाहिलं नसतं. त्यात प्रामाणिकपणा किती आणि हट्ट किती, मला सांगता यायचं नाही. बहुधा हट्टच. हात थरथरायला अजून लागलेले नाहीत. कान गेला. हात जायच्या आधी एक बुश बसवायचा होता. गुरुजींचा मूळ रॉड मी तेलकट कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवलेला होता. वस्तादांच्या घरून आलेल्या डालडाच्या डब्यात एक नवा बुश होता, मूळ जातीचा, तीन दशकं झोपलेला. हल्ली मिळतात त्यांतले बरेच डुप्लिकेट, त्यांचा मुलामा नखाने निघेल असा.

इंजिन खोललं. टायमिंगचं कव्हर काढलं आणि तिथेच थांबलो.

या कव्हरमध्ये कॉर्कची एक छोटी चकती असते. पंपाकडून आलेलं तेल तिच्यातून क्रँकच्या टोकात शिरतं आणि आतून थेट बुशपर्यंत जातं. कॉर्क दाबून बसला पाहिजे, नाहीतर तेल वाटेतच गळतं आणि बुश कोरडा पडतो. बाहेरून कळायला मार्ग नाही. वर हेडवरचा बोल्ट सैल करून तेल येतंय का बघतात, त्यावर समाधान मानतात. पण ते तेल परतीच्या पंपाचं. खाली बुशला पोचतंय का, हे ते सांगत नाही. हे कुठल्याही बुलेटच्या मेकॅनिकला माहीत असतं. मलाही १९९२ मध्ये माहीत होतं.

कॉर्क चपटा झालेला होता. त्याच्या मागे कागदाची घडी होती. चिमट्याने काढली. एस.टी.चं तिकीट. तेलाने पारदर्शक झालेलं, कंडक्टरने पाडलेलं भोक अजून गोल.

मला आठवलं. पहिला बुश बसवला तेव्हा नवा कॉर्क मिळाला नव्हता, दुकान बंद होतं, गुरुजींना दुसऱ्या दिवशी जायचं होतं. खिशातल्या तिकिटाची घडी करून जुन्या कॉर्कमागे सारली, थोडा वर येईल म्हणून. दुसऱ्यांदा तोच कॉर्क. रोलरच्या वेळीही तोच. रोलरने थोडक्या तेलात भागवून घेतलं.

म्हणजे बुश दोन्ही वेळा बरोबर बसला असेल. कदाचित. माझा हात कदाचित तेव्हाच वस्तादांसारखा झाला होता आणि एका तिकिटाने तो मला कळू दिला नाही. किंवा बुशही चुकलेला होता आणि कॉर्कही. आता दोन्ही सिद्ध करायला काही उरलेलं नाही. त्या चाळीस क्रँक मी कशासाठी बदलल्या, याचा विचार करत मी बेंचवर किती वेळ बसलो कोण जाणे. पोरग्याने विचारलं, "काय झालं मामा?" मी तिकीट शर्टाच्या खिशात घातलं आणि म्हटलं, "कॉर्क बदलायला पाहिजे."

बुशला चार दिवस लागले. आधी पिनीवर. निळा रंग, फिरवणं, पुसणं, भिंगातून बघणं. एका जागी निळा डाग राहायचा, तांदळाएवढा. तो काढला की समोर दुसरा उठायचा. माझ्या लक्षात आलं, मी डाग काढत होतो आणि बुश लंबगोल होत होता. थांबलो. दुसऱ्या दिवशी नुसतं मोजलं, काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी रॉडच्या बाजूने धरलं. फट मोजण्यापेक्षा बुश कशाबरोबर फिरतो ते बघायचं, असं काहीतरी सुचलं. तेल लावून सगळं जुळवलं, रॉड हलवला आणि बुशवर पेन्सिलीने केलेली खूण बघत बसलो. पिनीबरोबर जाते की रॉडबरोबर? दोघांच्या मधोमध रेंगाळली तर वाटणी बरोबर. वस्ताद हेच करायचे का, मला माहीत नाही. पण हे करताना ते कुणाला चहाला पाठवत असतील, हे पटलं. या कामात माणूस शेजारी उभा राहिलेला सहन होत नाही. तो श्वास घेतो तोही ऐकू येतो.

मी पोरग्याकडे बघितलं. "मामा, च्या सांगू?" तो म्हणाला. पाच वर्षांत मीच त्याला ही सवय लावली होती, हे तेव्हा कळलं. अवघड काम आलं की मी चहा सांगायचो आणि तो निमूट जायचा. "नको," म्हटलं, "इथं उभा राहा. आणि बोलू नको."

रॉड आडवा धरला आणि सोडला. तो खाली आला. पडला नाही, अडला नाही. मी चार वेळा सोडला, मग पोरग्याच्या हातात दिला. त्याने दोन वेळा सोडला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. त्या क्षणी मला एवढं बरं वाटलं, की पंच हातात घेऊन फ्लायव्हीलवर चौथा ठिपका मारायची इच्छा झाली. जुने तीन ठिपके तिथेच होते, गंजाने थोडे खोल झालेले. पंच खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि मारला.

इंजिन बांधलं. नवा कॉर्क, कव्हर दाबताना हाताला कळेल एवढा वर आलेला. पंपात तेल भरून, प्लग काढून किक मारत बसलो, जोवर तेल टोकापर्यंत आलं असं वाटत नाही तोवर. मग प्लग लावला, अँपिअर मीटरचा काटा मध्ये आणला आणि तिसऱ्या किकला गाडी लागली.

गरम होऊ दिली. मी टाकीवर हात ठेवून उभा होतो. मला जे ऐकू येत होतं ते सुंदर होतं: जाड, संथ, हवं तसं. पण मी इंजिनाकडे बघत नव्हतो. मी पोरग्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने कानातल्या गोळ्या काढल्या होत्या. थोडा वाकला, उजवीकडे गेला, पुन्हा डावीकडे.

"मामा," तो म्हणाला, "एक बारीक आवाज हाय. खालनं."

"पिस्टनचा तो," मी म्हटलं. "नवी रिंग आहे, बसेल."

तो काही बोलला नाही. मी ज्या सुरात बोललो होतो त्यावर बोलायची सवय माझ्या दुकानात कुणाला नाही. आम्ही शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला गेलो. गाडी स्टँडवर होती. टायमिंगच्या कव्हरवर, खालच्या बाजूला, खडूने एक गोल काढलेला होता, रुपयाएवढा. लिहिलेलं काही नव्हतं. रात्री मी लाइट बंद करायला मागे गेलो तेव्हा काढला असणार.

मी गाडी चालू केली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक त्या गोलाच्या मधोमध ठेवलं आणि मूठ कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. मग दातांत धरली. जाड, संथ, हवं तसं.

इंजिन बंद केलं. खाली परात सरकवली आणि तेलाचा नट सोडला. तेल नीट तापलेलं नव्हतं, हळूहळू येत होतं. परातीजवळ बसून मी बघत राहिलो, त्यात कुठे काही चमकतंय का.